घरच्या शाळेची पुस्तकं

शाळेतून फोन आला तेव्हा हरिप्रिया नुंगंबाक्कमच्या ऑफिसात एका म्हाताऱ्या जोडप्याचे व्हिसाचे अर्ज तपासत होती. "दिव्यश्री जिन्यात पडली. आता शुद्धीवर आहे. तुम्ही लगेच या," एवढं सांगून वर्गशिक्षिकेने फोन ठेवला. आता शुद्धीवर आहे म्हणजे मघाशी नव्हती, हे तिच्या डोक्यात शिरलं ते रस्त्यावर आल्यावर. शहराच्या दुसऱ्या टोकाला, आवडीतल्या शाळेत रिक्षाने पोचायला सव्वा तास लागला. मुलीचं काय काय झालं असू शकतं, ते सगळं त्या सव्वा तासात तिने एकदा पाहून घेतलं.

दिव्या शाळेच्या ऑफिसात बाकावर बसली होती. हनुवटीला कापूस लावलेला, फ्रॉक ओला, आणि नजर अशी की समोर आई उभी आहे हे तिला कळायलाच थोडा वेळ लागला. आठ वर्षांची मुलगी. ही तिची पहिली फिट.

नंतर तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. योग्य डोस सापडायला काही महिने जातील, झोप मोडू देऊ नका, ताप अंगावर काढू देऊ नका, जिना, पाणी आणि विस्तव यांपासून जपा, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. पाच मिनिटांच्या वर झटका चालला तर नाकात मारायचा एक स्प्रे दिला. हरिप्रियाने तो पर्समध्ये ठेवला आणि त्या दिवसापासून पर्स खांद्यावरून उतरवायचंच सोडून दिलं. स्वयंपाक करतानाही ती खांद्याला असायची.

दुसरी फिट प्रार्थनेच्या वेळी आली, तिसरी वर्गात. शाळेच्या मुख्याध्यापिका आवाज न चढवता बोलल्या. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, आमच्याकडे माणूस नाही, घरचं कुणी दिवसभर सोबत बसणार असेल तर बघू. पण तोवर दिव्याचंच मन उडालं होतं. तिच्या अंगात 'पेय' येतं, तमिळमध्ये म्हणजे भूत येतं, असं वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांना सांगितलं होतं. दिव्या शाळेच्या फाटकापाशी आली की ओकायची. जूनमध्ये हरिप्रियाने नोकरी सोडली आणि दिव्या घरी राहिली.

इथवर निदान काय करायचं ते स्पष्ट होतं. खरी भीती त्यानंतर सुरू झाली.

हरिप्रिया तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचे वडील भीमसेन बंदराच्या कचेरीत कारकून होते. घरात तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी बरोबर आणलेली मराठी अजून चालायची, निम्मी तमिळमध्ये कालवलेली. नवऱ्याचं नाव नवीन, तो तमिळ कॅथलिक, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर. आवडीतलं घर त्याच्या वडिलांचं. लग्न चर्चमध्ये झालं, बिशपांची परवानगी घेऊन. हरिप्रियाने धर्म बदलला नाही, तिला कुणी तसं म्हटलंही नाही. फक्त लग्नाआधी नवीनने एका कागदावर सही केली होती, की होणाऱ्या मुलांना मी माझ्या धर्मात वाढवायचा प्रयत्न करीन. हरिप्रिया शेजारीच बसली होती. तेव्हा तिला त्या कागदाचं काही वाटलं नव्हतं. पंचविशीत मुलं म्हणजे कागदावरचा एक शब्द असतो.

पुढेही अडलं नाही. दिव्याचा बाप्तिस्मा झाला, त्या दिवशी हरिप्रियाने पायसम केलं. रविवारी बापलेक चर्चला जायचे आणि मिस्सानंतर, म्हणजे रविवारची प्रार्थना आटोपल्यावर, वरच्या मजल्यावर सिस्टर धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायच्या. धर्म शिकवायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी होतं. आता जिना बंद झाला, वर्ग बंद झाला. आणि दिव्याचं पहिलं कम्युनियन, म्हणजे वेदीवरून पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा विधी, दीड वर्षावर आलं होतं.

एका संध्याकाळी जेवताना नवीन म्हणाला, "घरीच शिकवायचं तर आपला कॅथलिक अभ्यासक्रम घेऊ या. अमेरिकेत कितीतरी घरं तसं करतात. वाचन, इतिहास, विज्ञान, प्रार्थना, सगळं एकत्र बांधलेलं असतं. कुठल्या दिवशी काय शिकवायचं तेही छापलेलं."

ती दोघं आपसात तमिळ बोलत. 'आपला' या शब्दापाशी हरिप्रिया अडखळली, पण तिने तो तसाच जाऊ दिला.

"शिकवणार कोण?" तिने विचारलं.

"मी सकाळी सहाला निघतो, प्रिया."

"मी कॅथलिक नाही."

"पुस्तकात सगळं लिहिलेलं असतं."

हरिप्रिया ताटं उचलायला लागली. आपण चुकीचं शिकवलं तर नवीनच्या माणसांसमोर मुलीची फजिती होईल, याची तिला भीती वाटली. आणि आपण अगदी बरोबर शिकवलं तर? तर मुलगी एकेक पान उलटत आपल्यापासून लांब जाईल, आणि तिला लांब नेणारा हात आपलाच असेल. ही दुसरी भीती तिने कुणालाही सांगितली नाही. आईला, अंबुजाला, तर नाहीच. अंबुजा मांबलमहून मंगळवारी आणि शुक्रवारी सोबतीला येऊ लागली होती. तिला एवढंच माहीत होतं की नात घरी शिकते.

चर्चमधली जेसिंता नावाची एक बाई अंबत्तूरला आपल्या तीन मुलांना घरीच शिकवायची. तिने येऊन सगळं समजावून सांगितलं. ऑनलाइन वर्ग आहेत, पण ते अमेरिकेच्या वेळेप्रमाणे, इथली झोपायची वेळ मोडून. ते बादच झालं. वर्षभराच्या पुस्तकांच्या तयार पेट्या मिळतात, इयत्तेप्रमाणे. आणि तिसरी वाट म्हणजे ती स्वतः करते ते, इथली सरकारी पाठ्यपुस्तकं घ्यायची, त्याला चर्चचं धर्मशिक्षणाचं पुस्तक जोडायचं आणि उरलेलं आपल्या अकलेने भरायचं. "दहावीला ओपन स्कूलमधून बसवता येतं," ती म्हणाली. "पण ही वाट धरलीत तर रोज सकाळी आज काय करायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. मी पहिलं वर्षभर रडत होते."

आपल्या अकलेवर हरिप्रियाचा भरवसा उरला नव्हता. पेटीत निदान दुसऱ्याची अक्कल होती. नवीनच्या डॅलसच्या चुलत बहिणीची मुलं मोठी झाली होती, तिने त्यांची तिसरीची जुनी पेटी पाठवून दिली. बावीस पुस्तकं निघाली. त्यातली धर्माची प्रश्नोत्तरं फार जुन्या काळची, पुन्हा छापलेली. मुखपृष्ठावर निळ्या झग्यातली मरियामाता आणि गुडघे टेकून बसलेली सोनेरी केसांची दोन मुलं.

जुलै बरा गेला. गणितात बर्फावरून घसरणारी मुलं मोजायची होती, दिव्याला त्याची गंमत वाटे. संतांच्या गोष्टी तर ती एका दमात वाचून काढी. सकाळी नऊला हरिप्रिया पंखा मध्यम करी, टेबलाच्या कोपऱ्यांना बांधलेल्या उशा तपासून बघी, आणि त्या दिवसाचं पान उघडी. तीन आठवड्यांत एकही झटका आला नाही. पण ती दिव्याच्या वहीकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष डोळ्यांकडे असायचं. मुलगी काही आठवायला नुसती थांबली, की हरिप्रियाचा हात पर्सच्या चेनवर जाई.

धर्माचे धडे ती दिव्यालाच मोठ्याने वाचायला सांगायची. स्वतः आधी वाचायची नाही. त्यात आपलं काय, असं तिला वाटे. थोडी भीतीही वाटे. अकराव्या धड्यात बाप्तिस्मा नसलेल्यांबद्दल दोन प्रश्न होते. दिव्याने ते वाचले, त्यांची उत्तरं म्हणून दाखवली आणि पुस्तक मिटलं. त्या दिवशी ती नीट जेवली नाही. हरिप्रियाने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दिव्या सकाळी उठली ती डोळे सुजवूनच. दहाच्या सुमाराला ती पाणी प्यायला उठली, फिल्टरपाशी उभी राहिली आणि तिच्या हातातला पेला खाली पडला. हरिप्रिया तिथे पोचेपर्यंत ती कोसळली होती. पाठ ताठ, जबडा आवळलेला, हातपाय झटके देत होते. हरिप्रियाने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर घातला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून सात मिनिटं.

अंबुजा आतून धावत आली. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून तिने तो नातीच्या मुठीत कोंबला. लोखंड हातात दिलं की फिट उतरते, असं तिने जन्मभर पाहिलं होतं.

"अम्मा, ते काढ. लागंल तिला."

"राहूं दे गे."

"काढ म्हणते ना."

हरिप्रियाने स्वतःच तो जुडगा ओढून बाजूला टाकला. तीन मिनिटं झाली. दिव्याचे ओठ निळसर दिसायला लागले. हरिप्रियाने स्प्रे काढून झाकण उघडून ठेवलं. सव्वाचार मिनिटांनी झटके विरळ झाले, मग थांबले, आणि दिव्याने घशातून घरघर करत एक मोठा श्वास घेतला. तेव्हा मात्र हरिप्रियाचे दात वाजायला लागले. ऑगस्टच्या उकाड्यात तिला थंडी भरून आली आणि अंबुजाने तिच्यावर चादर घातली.

दिव्या दुपारी जागी झाली. उशीवर पडल्यापडल्या बराच वेळ ती आईकडे बघत राहिली.

"अम्मा, तुझं ज्ञानस्नान झालेलं नाही ना?" तमिळमध्ये बाप्तिस्म्याला ज्ञानस्नान म्हणतात.

"नाही. का ग?"

"मग तू तिकडे येणार नाहीस."

"तिकडे कुठं?"

"मेल्यावर. स्वर्गात. मी पडून मेले तर तिकडे मी एकटीच असणार. अप्पा पण उशिरा येतील." तिचा आवाज सरळ होता, पाढे म्हणावेत तसा. "काल मी झोपलेच नाही. झोपले आणि मेले तर काय करायचं?"

आपण मरू असं ही मुलगी रोज धरून चालते, हे हरिप्रियाला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. शाळा सोडली, फाटक सुटलं, म्हणजे भीती सुटली असं तिने मानलं होतं. तिने दिव्याला उचलून मांडीवर घेतलं. आठ वर्षांची मुलगी मांडीत मावत नव्हती. तोंडाला येईल ते ती बोलत राहिली, मी येणार, तू जाशील तिथे मी येणार, कोण अडवतो बघते. दिव्या म्हणाली, "पुस्तकात तसं नाही."

अंबुजा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती टेबलापाशी गेली, निळ्या झग्याचं पुस्तक उचललं, उलटसुलट पाहिलं. या घडीला हरिप्रिया दोन महिने भीत होती. आई आता आदळआपट करील, देवघरासमोर जाऊन बसेल, पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही.

"हे तूं आधी वाचलीस का?" अंबुजाने विचारलं.

"नाही. सगळं नाही."

"कां?"

हरिप्रियाने दिव्याला आणखी जवळ ओढून घेतलं.

"पोर भिती म्हणून शाळा सोडवलीस," अंबुजा म्हणाली, "मग ते भय घरांत कशाला आणलीस? त्यांचा देव आहे, असूं दे. त्यांची पोर आहे, तुझी पण आहे. पण न वाचतां लेकराच्या हातांत कसं दिलीस गे?" मग तिने पुस्तक खाली ठेवलं, स्वयंपाकघरातून स्क्रूड्रायव्हर शोधून आणला आणि न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढून टाकली. ते काम बरेच दिवस राहून गेलं होतं.

संध्याकाळी नवीन आल्यावर हरिप्रियाने त्याच्यापुढे अकरावा धडा उघडून ठेवला आणि दिव्या काय बोलली ते शब्दन् शब्द सांगितलं. त्याने बूटही काढले नव्हते. त्याने ते पान दोनदा वाचलं.

"आता असं शिकवत नाहीत," तो म्हणाला. "हे जुनं आहे."

"मग तिला ते तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटतं, मी माझ्यापुरतं बोलते."

"काय सांगू?" त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला त्याच्या चेहऱ्यावर चक्क भीती दिसली. "मला तरी कुठं नीट माहीत आहे? लहानपणी पाठ केलं, पुढे कधी विचारच केला नाही. तू असताना मी हा विचार करायचाच टाळला, प्रिया."

"सही तू केली होतीस," हरिप्रिया म्हणाली. "मी शेजारी बसले होते, पण वचन तुझं आहे. म्हणून शिकवायचंही तूच. मी गणित शिकवीन, तमिळ शिकवीन, विज्ञान शिकवीन. हे मी शिकवणार नाही. आणि जे शिकवशील ते आधी मी वाचणार, आणि शिकवताना मी त्याच खोलीत बसणार."

नवीन चार दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. त्या चार दिवसांत तिला वाटलं, आता घरही मोडलं. पण बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याने स्कूटर काढली आणि म्हणाला, चला, फादरांकडे जाऊ.

फादर वयस्कर होते, नुकतेच एक दफन उरकून आले होते. झग्याच्या काठाला लाल माती लागलेली होती. ते व्हरांड्यातच खुर्ची ओढून बसले. नवीन अडखळत सांगायला लागला, तर त्यांनी त्याला थांबवलं आणि दिव्यालाच विचारलं. दिव्याने सांगितलं. तिने धड्यातलं उत्तरही म्हणून दाखवलं.

"देव कुणाला कुठं ठेवणार हे त्याने माझ्यावर सोपवलेलं नाही," फादर म्हणाले. "त्या पुस्तकावरही नाही."

"म्हणजे अम्मा येईल की नाही?"

"मला वाटतं येईल. मी तशी प्रार्थना करतो."

"वाटतं म्हणजे नक्की नाही."

फादरांनी झग्याच्या काठाची माती झटकली. "नक्की तर मला माझंही माहीत नाही, कण्णा," ते लाडाने म्हणाले. "मीही त्याच्यावरच सोडलंय."

हरिप्रियाला वाटलं होतं, हा माणूस ठाम काहीतरी बोलेल आणि मुलीच्या डोक्यातून ते निघून जाईल. तसं झालं नाही. परतताना दोघांच्या मध्ये बसलेली दिव्या दुकानांच्या पाट्या वाचत होती. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाली, "फादरांना पण माहीत नाही." त्या दुपारी मात्र ती अडीच तास झोपली. हरिप्रिया तिच्या छातीचं खालीवर होणं बघत शेजारी बसून राहिली.

पुढचा सगळा आठवडा हरिप्रिया वाचत होती. बावीसही पुस्तकं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जेसिंताने दिलेली पुस्तकं आणि फादरांकडून आणलेलं तमिळमधलं धर्मशिक्षणाचं पुस्तकही. त्यात देवाला बाप म्हटलं होतं, शेजाऱ्याची गोष्ट होती, भाकरी वाटून खायची गोष्ट होती. तिला ते परकं वाटेल अशी तिची अपेक्षा होती. काही ठिकाणी वाटलं, काही ठिकाणी नाही. संतांच्या गोष्टी आणि इंग्रजी वाचनाची पुस्तकं तिने ठेवून घेतली, हालहाल करून मारल्याच्या दोन गोष्टी मोठी होईपर्यंत कपाटावर टाकल्या. बर्फ आणि डॉलरचं गणित परत पेटीत गेलं, त्याच्या जागी सरकारी पाठ्यपुस्तकं आली. ती जेसिंताची वाट होती, जिची तिला सगळ्यांत जास्त धास्ती होती. रोज सकाळी आज काय करायचं हे आता तिलाच ठरवायचं होतं.

बुधवारी नवीनची सुट्टी असायची. मंगळवारी संध्याकाळी तो पेन्सिल घेऊन धडा वाचायला बसे आणि अडलं की फादरांना फोन करी. पहिल्या बुधवारी तो ओळीवर बोट ठेवून वाचत होता. हरिप्रिया खोलीच्या दुसऱ्या टोकाला शेंगा सोलत बसली होती. दिव्याने मधेच विचारलं, "अप्पा, हे अम्माला चालेल का?" नवीनने वर पाहिलं. हरिप्रिया म्हणाली, "तू विचार त्यांना जे विचारायचं ते. मी ऐकते आहे."

गोळ्यांचा डोस डिसेंबरात जमला. झटके महिन्यातून एकावर आले, मग तीन महिन्यांतून एकावर.

गेल्या वर्षी पहिलं कम्युनियन झालं. अंबुजा आली, भीमसेनही आले, अंगरखा घालून मागच्या बाकावर बसले. वेदीला तीन पायऱ्या होत्या. आदल्या दिवशी जाऊन हरिप्रियाने त्या मोजल्या होत्या, त्यांच्या कडांवर हात फिरवून पाहिला होता. दिव्याने आधीच बजावलं होतं की कुणीही माझा हात धरायचा नाही. पांढऱ्या फ्रॉकमधल्या नऊ मुलींच्या रांगेत ती सातवी होती. ती पायऱ्या चढली, थांबली, उतरली. उघडा स्प्रे हरिप्रियाने मुठीत इतका आवळला होता की तळव्यावर त्याचा वळ उमटला. काही झालं नाही. दिव्या येऊन तिच्या शेजारी बसली आणि डोळे मिटून तिच्या दंडाला टेकली. संध्याकाळी घरी, केक कापून झाल्यावर, तिला एक छोटी फिट आली. चाळीस सेकंदांची. अंबुजाने या वेळी घड्याळ धरलं.

आता दिव्या दहा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी पुन्हा शाळेत जावं का, याचा विचार चालू आहे, आणि त्यावरूनही हरिप्रियाची झोप उडते. जेसिंताने तिचा नंबर कुणाकुणाला दिला आहे. अधूनमधून फोन येतात, पोरूरहून, तांबरमहून. कुणाचं मूल बोलत नाही, कुणाचं शाळेत मार खाऊन आलेलं असतं. मागच्या आठवड्यात एका बाईने विचारलं, कुठली पेटी मागवू. हरिप्रियाने तिला सांगितलं, कुठलीही मागवा, पण मुलाच्या हातात द्यायच्या आधी शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचा, आणि जे शिकवायला मन धजत नाही ते ज्याचं आहे त्याला शिकवू द्या.

"तुमची भीती कधी गेली?" त्या बाईने विचारलं.

"गेलेली नाही," हरिप्रिया म्हणाली, आणि मुलगा कितवीत आहे ते विचारून तिला गणिताच्या पुस्तकाचं नाव लिहून घ्यायला सांगितलं.